बदलत्या अंगाचे कपडे



लहान मुलांचे कपडे शिवावयास टाकतांना आपल्याकडील वडील माणसें शिंप्याला एक सूचना हटकून देत असत : "वाढत्या अंगाचें शिवा." मुलगी वर्षभरांत वाढणार, कापड मात्र वाढणार नाहीं, म्हणून परकराला खालीं दुमड घालावयाची, पोलक्याच्या शिवणींत कापड राखावयाचें, आणि मुलगी उंच झाली कीं एक टीप उसवून तोच परकर पुढें चालवावयाचा, अशी ही रीत होती. परकर आंखूड झाला म्हणून कोणी मुलीला दोष दिला नाहीं. मुलीचें अंग बदलणार हें सर्वांना मान्य होतें, आणि कपड्यानें त्या अंगाच्या मागून जावें हेंही मान्य होतें. आजच्या भाषणांत मला विचारावयाचें आहे तें इतकेंच, कीं हा समजूतदारपणा पन्नाशीच्या बाईच्या वांट्याला कां येऊं नये ?

हल्लींच्या शहरांतील नेहमींचा प्रसंग घ्या. एखादी प्रौढ गृहिणी, किंवा कचेरींतून घरीं परतणारी एखादी नोकरदार बाई, एकाच रस्त्यावरील तीन दुकानांत कुर्ता पाहावयास जाते. पहिल्या दुकानांत तिला 'एल' बरोबर बसतो, दुसऱ्या दुकानांतला 'एक्सएल' दंडांत अडकतो, आणि तिसऱ्या दुकानांत 'एम'सुद्धां सैल होतो. अंग तेंच आहे, दुपारही तीच आहे. एकच भाजी तीन तराजूंत तीन वजनांची भरली, तर आपण तराजू खोटा म्हणूं आणि भाजीवाल्याशीं भांडूं. येथें मात्र बाई तराजूला कांहीं बोलत नाहीं. "फारच सुटलें बाई अंग," असें पुटपुटून ती कुर्ता परत करते, आणि पुढचे आठ दिवस जेवणाच्या ताटावर राग काढते.

वस्तुतः हा आंकडा आपल्या घरांत आला त्याला फार काळ लोटलेला नाहीं. नऊवारी लुगड्याला साइज नव्हती. सासू आणि सून, बाळंतीण आणि सत्तरीची आजी एकाच लांबीचें लुगडें नेसत. कमी-अधिक काय असेल तें निऱ्या सांभाळून घेत. चोळी एका बाईच्या अंगावर बेतलेली असे, आणि पुढें गांठ मारावयाची असल्यामुळें दोन बोटांचा फरक ती गांठ पोटांत घालीत असे. त्या काळीं अंगाला मोकळीक होती म्हणून बाईलाही होती, असें मात्र कोणी समजूं नये. पुढें ब्लाउज आला, तरी तो शिंप्याच्या टेपेवरच बेतला जाई. आंकडा आला तो तयार कपड्याबरोबर. तयार कपडा शिवणाऱ्याला तो घालणारी बाई दिसत नसते. न पाहिलेल्या हजारों बायकांसाठीं शिवावयाचें, तर मनाशीं एक बाई कल्पावीच लागते. ही कल्पिलेली बाई कोण, हाच सगळ्या घोटाळ्याचा उगम आहे.

हा उगम पाहावयाचा तर अमेरिकेंत जावें लागेल. तेथें तयार कपड्यांचा आणि टपालानें कपडे मागविण्याचा प्रघात लवकर रुजला, आणि मापांत न बसणारे कपडे परत येऊं लागल्यामुळें व्यापाऱ्यांचें नुकसान होऊं लागलें. तेव्हां तेथील शेतकी खात्याच्या गृहअर्थशास्त्र विभागानें १९३९ आणि १९४० या दोन सालांत सुमारे १५,००० स्त्रियांचीं मापें घेतलीं. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन हे या कामाचे प्रमुख होते. प्रत्येक स्त्रीचीं, वजन धरून, ५९ मापें घेण्यांत आलीं, आणि १९४१ सालीं अहवाल प्रसिद्ध झाला. उद्योग खरोखर मोठा होता; परंतु अंतिम हिशेबांत केवळ गोऱ्या स्त्रियांचीं मापें धरण्यांत आलीं. राष्ट्राचें माप म्हणून जें पुढें आलें तें राष्ट्रांतील एका भागाचें माप होतें.

या मापांच्या पायावर १९५८ सालीं अमेरिकेंत स्त्रियांच्या कपड्यांचें एक ऐच्छिक मानक तयार झालें. त्यांत '८' या आंकड्याची कंबर साडेतेवीस इंच होती. १९८३ सालीं सरकारनें मानक मागें घेतलें, आणि १९९५ सालीं एका खासगी मानक-संस्थेनें जो नवा तक्ता काढला त्यांत '८' या आंकड्याची कंबर २७ इंच झाली. आंकडा आठचा आठ राहिला आणि कंबर साडेतीन इंचांनीं वाढली ! यांत गूढ कांहीं नाहीं. लहान आंकडा पाहून गिऱ्हाईक सुखावतें आणि सुखावलेलें गिऱ्हाईक पुन्हां येतें, हें व्यापाऱ्यांच्या लक्षांत आलें होतें. ज्या आंकड्यानें माप सांगावयाचें तो स्तुतिपाठक झाला. आणि प्रत्येक दुकानाचा भाट वेगळा असल्यामुळें एकाची स्तुति दुसऱ्याच्या दारांत निंदा ठरते.

खुशामतीशिवाय आणखीही कारणें आहेत. कारखानदार प्रथम एका नमुन्याच्या अंगावर कपडा बेततो. हें नमुन्याचें अंग बहुधा तरुण आणि सडपातळ असतें. मग त्याच नकाशांत ठराविक इंच वाढवून मोठीं मापें काढलीं जातात. परंतु माणसाचें अंग फुग्यासारखें सर्व बाजूंनीं सारखें फुगत नाहीं. जिची कंबर चार इंचांनीं वाढली तिचे खांदे कांहीं त्याच प्रमाणांत रुंदावत नाहींत. म्हणून मोठ्या मापाच्या कपड्यांत गळा खांद्यावरून घसरतो आणि पोटावरचें बटण तरीही ताणलेलें राहतें. शिवाय '३८' या आंकड्याचा अर्थ कोणी अंगाचें माप असा करतो, तर कोणी तयार कपड्याचें माप असा करतो. त्या दोहोंमध्यें श्वास घेण्यापुरती जी ढील ठेवावी लागते तीही ज्याच्या त्याच्या मर्जीवर असते. सुती कापड पहिल्या धुण्यांत आटतें तें निराळेंच.

आतां अंगाकडे वळूं. बहुतेक बायकांची पाळी चाळिशीच्या उत्तरार्धांत किंवा पन्नाशीच्या आसपास थांबते. त्या सुमारास शरीरांतील इस्ट्रोजेन हा स्राव कमी होतो, आणि पूर्वीं नितंबांवर व मांड्यांवर साठणारी चरबी पोटाकडे सरकूं लागते. स्नायू हळूहळू घटतात. कण्यांतील चकत्या झिजून उंची थोडी कमी होते. हाडें ठिसूळ झालीं असल्यास पाठीला किंचित् बांक येतो. खांदे पुढें झुकतात, ऊर खालीं उतरतो, दंड भरतात. म्हणून काट्यावर वजन तेंच असूनही ब्लाउज बसत नाहीं. मुंढा काचतो, टक्स भलत्याच जागीं येतात, कुर्ता पाठीकडून वर ओढला जातो आणि पुढें लोंबतो. बाईला वाटतें आपण लठ्ठ झालों. पुष्कळदां ती लठ्ठ झालेली नसते; तिच्या अंगाची ठेवण बदललेली असते. स्पेनच्या सरकारनें १२ ते ७० वर्षें वयाच्या १०,४१५ स्त्रियांचीं मापें घेतलीं, आणि २००८ सालीं जे निष्कर्ष प्रसिद्ध केले त्यांत मुख्य अशा तीन ठेवणी आढळल्या : एक डमरूसारखी, दुसरी घंटेसारखी आणि तिसरी दंडगोलासारखी. कारखान्यांतील बहुतेक नकाशे अजूनही डमरूवरच बेतलेले असतात.

हा सारा विषय कोणाला केवळ नटण्यामुरडण्याचा वाटेल. तसा तो नाहीं, आणि याचीं दोन कारणें सांगतें. पहिलें असें, कीं पोटाभोंवतीं सांचणारी चरबी मधुमेहाला आणि हृदयविकाराला जवळची आहे; भारतीय स्त्रीची कंबर ८० सेंटिमीटरच्या पुढें गेली तर सावध व्हावें, असें वैद्यकशास्त्र सांगतें. दुकानदारानें गेल्या दहा वर्षांत आपला 'एम' हळूहळू मोठा केला असेल, तर "मी अजून एमच घालतें" या समाधानांत ही खूण झांकून जाते. लाजविणारा आंकडा जितका खोटा, तितकाच लाडावणाराही खोटा. टेप मात्र लाजवीतही नाहीं आणि लाडावीतही नाहीं.

दुसरें कारण आपल्या घराच्या अधिक जवळचें आहे. २०२४ सालीं 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या वैद्यकीय नियतकालिकांत वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनीं दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. एक ७० वर्षांची होती, दुसरी सत्तरीला टेकलेली. एकीच्या कमरेला परकराची नाडी वर्षानुवर्षें घट्ट बांधली जात होती. दुसरी लुगडें कमरेशीं करकचून नेसत असे. दोघींच्याही कमरेवर घर्षणानें जखम झाली, ती बरी झाली नाहीं, आणि अखेर त्या जागीं त्वचेचा कर्करोग निघाला. असें फार क्वचित घडतें, हें मी मुद्दाम सांगतें. पण कमरेभोंवतीं काळा वळ नसलेल्या किती बायका आपल्या नात्यांत आहेत, याचा ज्यानें त्यानें विचार करावा. अंग बदललें तरी नाडीची गांठ जुन्याच जागीं आली पाहिजे, या हट्टाचाच तो वळ असतो. नाडीऐवजीं रुंद पट्टा किंवा रुंद नेफा असावा, गांठीची जागा बदलत जावी, आणि वळावर जखम होऊन ती भरत नसेल तर संकोच सोडून डॉक्टरांना दाखवावी.

आपल्या देशांतही मापें घेण्याचा उद्योग सुरू झाला आहे. 'इंडियासाइझ' या नांवाची योजना २०१८ सालीं जाहीर झाली. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या साहाय्यानें राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनें ती हातीं घेतली. मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैद्राबाद, बेंगळूर आणि शिलाँग या सहा शहरांत १५ ते ६५ वर्षें वयाच्या २५,००० स्त्री-पुरुषांचीं मापें यंत्रानें घ्यावयाचीं, असा तिचा संकल्प होता. परदेशी अंगांवरून घेतलेल्या तक्त्यांतून आपली सुटका व्हावी हा हेतु स्तुत्य आहे. तरी पासष्टीची मर्यादा माझ्या डोळ्यांना टोंचते. ज्या वयांत अंग सर्वांत अधिक बदलतें, हात मागें नेऊन हूक लावणें ज्या वयांत कठीण जातें, त्या वयाची बाई याही टेपेच्या बाहेरच राहिली. ती कपडे घालीत नाहीं काय ?

तक्ते व्हावयाचे तेव्हां होतील. तोंपर्यंत आपल्या हातांत असलेल्या दोन-चार गोष्टी सांगून मी भाषण आवरतें घेतें. आपल्याकडे शिंप्याला 'मापाचा ब्लाउज' देण्याची पद्धत आहे. हा मापाचा ब्लाउज पुष्कळदां दहा वर्षांपूर्वींचा असतो. म्हणजे शिंपी बिचारा दहा वर्षांपूर्वींच्या बाईसाठीं शिवतो, आणि आजची बाई तो घालतांना कष्टी होते. तो ब्लाउज कपाटांत ठेवावा आणि दरवेळीं नवें माप द्यावें. वर्षांतून एकदां छाती, कंबर, नितंब, दंड आणि खांदा हीं पांच मापें घरच्या वहींत तारीख घालून लिहून ठेवावीं. आपण गॅसच्या टाकीची तारीखसुद्धां लिहून ठेवतोंच. तयार कपडा घेतांना प्रथम खांदा पाहावा, कारण बाजू आंत घेतां येते, बाहीची लांबी कमी करतां येते, पण खांदा दुरुस्त करणें अवघड असतें. घरबसल्या फोनवरून कपडा मागवितांना अक्षर पाहूं नये, तेथें दिलेलीं इंचांतील मापें वहीशीं ताडून पाहावीं. आणि आंकड्याची चिठ्ठी मानेला टोंचत असेल, मनाला टोंचत असेल, तर ती कात्रीनें काढून टाकावी.

शिंप्याला मात्र एक गोष्ट आवर्जून सांगावी. शिवणीच्या आंत जें जादा कापड राखतात त्याला आपल्या भाषेंत 'माया' म्हणतात. खर्च वांचवावयास निघालेला कारखाना ही माया प्रथम छाटतो. त्या कपड्यांत उसवून सैल करण्यासारखें कांहीं उरतच नाहीं. शिंप्याकडून दोन्ही बाजूंना इंच-दीड इंच माया ठेवून घ्यावी. दुकानदारांना, कारखानदारांना माझी विनंती आहे, कीं त्यांनीं कपड्यावर तो कोणत्या अंगासाठीं आहे तें सेंटिमीटरमध्यें स्पष्ट छापावें. युरोपांत अशा लेबलाचें मानक २००१ सालापासून टप्प्याटप्प्यानें तयार झालें आहे. पुरुषांच्या विजारीवर तर कमरेचे इंच आपल्याकडेही किती काळ छापले जात आहेत.

घरांतील मंडळींनाही थोडें सांगतें. "आई, तुला आतां हें बसायचें नाहीं," असें मुलगी सहज म्हणते, आणि आई तो कपडा मुकाट्यानें भांडेवालीच्या गांठोड्यांत टाकते. लग्नाला जावयाचें ती टाळते, "कंटाळा आला" म्हणते. तिला कंटाळा आलेला नसतो. कपाटांत तिच्या आजच्या अंगाचा एकही कपडा नसतो. अशा वेळीं घरांतल्या कोणीतरी टेप आणि वही काढावी, तिचीं मापें घ्यावीं, आणि तिला घेऊन शिंप्याकडे जावें.