हे गाणे कोणाचे?

(वर्धा येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजचा आमचा विषय वरकरणी करमणुकीचा वाटेल. चित्रपटात एखादे गीत कानी पडते आणि घरी आल्यावरही मनातून जात नाही. शब्द आजीच्या तोंडचे, चाल जात्याच्या घरघरीशी नाते सांगणारी. 'असेल एखादे जुने लोकगीत' असे म्हणून आपण मोकळे होतो. या सोप्या उत्तराने पुष्कळदा अन्याय घडतो, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

सन १९६१ मध्ये अनंत माने यांनी दिग्दर्शित केलेला 'मानिनी' हा चित्रपट आला. संगीत वसंत पवार यांचे होते. त्यात संसाराला चुलीवरच्या तव्याची उपमा देणारे एक पद आहे आणि सुगरणीच्या खोप्याविषयी दुसरे. ही पदे ऐकताना वाटते की, ती कोणा एकीची नसून पिढ्यान्‌पिढ्यांच्या बायांची आहेत. वस्तुतः ती एकाच स्त्रीची आहेत. जळगावजवळील असोदे येथे सन १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांची.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबताना व दळण दळताना त्यांच्या ओठी शब्द येत. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि नात्यातील पितांबर चौधरी यांनी ते वेळोवेळी टिपून ठेविले. सन १९५१ मध्ये बहिणाबाई निवर्तल्या. ती वही आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस पडली आणि सन १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईची गाणी' हा संग्रह प्रसिद्ध झाला. म्हणजे चित्रपटाच्या नऊ वर्षे आधी पुस्तक सिद्ध होते. ती वही नसती, तर बहुतेक गाणी त्या माउलीबरोबरच लोपली असती. एखादे उरलेच असते, तर तेही निनावीच! सन २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. या साऱ्याच्या मुळाशी मुलाने आईचे शब्द लिहून ठेविले, ही एक साधी गोष्ट आहे.

याच्या उलट उदाहरणही आहे. प्रभात कंपनीच्या 'संत तुकाराम' या सन १९३६ च्या चित्रपटात, एका बीजापासून कोटी वृक्ष होतात अशा आशयाचे पद आहे. अनेक भाविकांनी ते तुकोबांचेच मानिले. परंतु ते गाथेत नाही, आणि त्याच्या अखेरीस 'तुका म्हणे' ही मुद्राही नाही. ते शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचिले व केशवराव भोळे यांनी त्यास चाल दिली. येथे कवीचे काम इतके सरस उतरले की, कवीच झाकला गेला.

तेव्हा गाणे ओळखावे कसे? प्रथम चित्रपटाच्या आरंभीची नामावली पाहावी. मग पदात नाममुद्रा आहे काय, ते पाहावे. बोली कोणत्या मुलखाची आहे, तेही ध्यानी घ्यावे; बहिणाबाईंचा शब्द खानदेशचा आहे, आपल्या वऱ्हाडी-नागपुरीहून निराळा. शेवटची कसोटी पाठभेदांची. खऱ्या लोकगीताचे एकच रूप नसते. ते आर्वीकडे एक असते आणि हिंगणघाटकडे दुसरे. भावाचे नाव बदलते, गावाचे बदलते, कडव्यांची संख्या बदलते.

बंधुभगिनींनो, आता आपल्या घराकडे वळू. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई बसते, टिपऱ्या वाजतात, गाणी होतात आणि खाऊ ओळखला जातो. पोळ्याला तोरणाखाली झडत्या होतात. पचमढीच्या वाटेवर महादेवाची गाणी म्हटली जातात. जाते मात्र घरातून गेले आणि त्याबरोबर ओवीही चालली आहे. ज्यांना ती मुखोद्गत आहे, त्या आपल्या आया-आज्या आज ऐंशीच्या घरात आहेत.

गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित केल्या आणि त्या गाणाऱ्या स्त्रियांची नावे व गावेही नोंदविली. नावाची नोंद करणे, हेच या कामाचे मोठेपण होय. ओवी परंपरेची असेल, परंतु तिला आजवर जिवंत ठेविणारी बाई परंपरेत विरून जाऊ नये.

आपल्या वंशावळीत पणजोबाचे नाव सापडते, पणजीचे क्वचितच. तिने मागे ठेविलेला ठेवा कित्येकदा तिच्या गाण्यातच असतो. म्हणून आमची प्रत्येक कुटुंबास विनंती आहे की, यंदा एक वही करावी. आईजवळ बसावे, ती म्हणेल तसेच, तिच्याच बोलीत लिहावे. शुद्ध करण्याच्या भरीस पडू नये. शेवटी तिचे नाव, माहेर, सासर आणि दिनांक घालावा. आज घरोघरी मोबाईल आहे. त्यावर आवाजही टिपून ठेवावा. मंडळाने पुढील स्मरणिकेत त्यासाठी काही पाने राखून ठेवावीत, अशी आमची सूचना आहे.

उद्या यातील एखादे गाणे कोणा चित्रपटात वाजेल आणि कोणी विचारील, 'हे गाणे कोणाचे?' त्या दिवशी उत्तर देण्यास आपल्याजवळ वही असावी.