एका घड्याळाचा जीव दुसऱ्यात



आज आपण बंद पडलेल्या जुन्या घड्याळाविषयी बोलू. पुष्कळांच्या घरी पेटीत असे एखादे घड्याळ असते. वडिलांचे, नाहीतर आजोबांचे. चालत नाही, पण टाकवतही नाही. त्याचे करायचे काय?

आधी थोडी माहिती घेऊ. 1961 च्या सुमारास बंगळूरच्या एच.एम.टी. कारखान्यात मनगटी घड्याळे बनू लागली. जपानच्या सिटिझन कंपनीने त्या कामी मदत केली. त्यांतले 'जनता' नावाचे चावीचे घड्याळ पुष्कळांच्या हाती आले. पुढे 2016 साली सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. आता जुन्या घड्याळांचे सुटे भाग सहज मिळत नाहीत. मग भाग आणायचा कुठून? दुसऱ्या बंद घड्याळातून.

हे घड्याळ चालते कसे? आपण चावी देतो, तेव्हा आतली कमान गुंडाळली जाते. ती हळूहळू उलगडते आणि दात्यांची चाके फिरवते. शेवटी बॅलन्स नावाचे चाक असते. ते झोपाळ्यासारखे इकडून तिकडे हलते. अशा जुन्या घड्याळात ते बहुधा सेकंदाला 5 ठोके देते. म्हणजे दिवसाला 4 लाख 32 हजार! या चाकाच्या आसाची टोके केसासारखी बारीक असतात. घड्याळ हातातून पडले, की बहुतेक वेळा तीच मोडतात.

डोंबिवलीच्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे असेच झाले. वडील रेल्वेत होते. ते गेल्यावर त्यांचे 'जनता' घड्याळ एकदा पडले आणि थांबले. एक दुकानदार म्हणाला, "आतलं मशीनच काढून टाकू. सेलवर चालणारं घालतो." मुलगा म्हणाला, "मग त्यात माझ्या बाबांचं काय उरलं?"

तो कल्याणच्या एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे गेला. घड्याळजीने डोळ्याला भिंग लावले. मशीनवरचा नंबर वाचला. मग मोडक्या घड्याळांचा डबा उपडा केला. त्याच नंबरचे एक घड्याळ निघाले. तबकडी गेलेली, कमान तुटलेली; पण बॅलन्स धड होता. तेवढाच त्याच्या नाजूक स्प्रिंगसकट उचलून त्याने वडिलांच्या घड्याळात बसवला. जुने तेल धुऊन नवे घातले. चार दिवस घड्याळ आडवे-उभे ठेवून वेळ तपासली. घड्याळ चालू लागले.

तुम्हीही मुरबाड-शहापूरकडून ठाण्या-कल्याणला असे काम घेऊन गेलात, तर इतके ध्यानात ठेवा.

मशीनचे नंबर जुळवून पाहा. "जवळपास बसतो" असे इथे चालत नाही.

जे घड्याळ दुरुस्त होण्यासारखे आहे, ते भागांसाठी फोडू देऊ नका. एक जगवायला दुसरे कशाला मारायचे?

अगदीच कामातून गेलेले घड्याळ भंगारात घालू नका. घड्याळजीला द्या. त्याचे एखादे चाक कुणाच्या तरी मनगटावर चालेल.

काढलेला जुना भाग परत मागून घ्या.

शेवटचे म्हणजे, मशीनचा नंबर, बदललेला भाग आणि तारीख पावतीवर लिहून घ्या. आजवर दुकानदार सांगेल ते ऐकून परतावे लागे. आता तुम्हाला वाचता येते. पावती दुकानातच वाचा, आणि मग खिशात घाला.