बाहुलीचे नाव

व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ साली दिल्लीत उभारलेल्या संग्रहालयात देशोदेशींच्या बाहुल्या पाहताना मनात येते, की एखाद्या बाहुलीचे नावच कोणाला बोचत असेल, तर संग्राहकाने काय करावे?

१८९५ साली फ्लॉरेन्स अप्टन यांच्या चित्रपुस्तकातून जन्मलेला ‘गॉलिवॉग’ हा काळा बाहुला इंग्लंडात लाडका झाला. पुढे तेच नाव कृष्णवर्णीयांना शिवी म्हणून ऐकावे लागले. कोणी संग्राहक नाव बदलतो. कोणी आपले बालपणीचे प्रेम निर्दोष होते, असे सांगतो. ठकीशी खेळणाऱ्या मुलीच्या मनात पाप नसते, हे खरेच. परंतु संग्राहक म्हणजे मूल नव्हे. त्याने नाव तसेच राहू द्यावे आणि शेजारी त्याची हकिगतही लिहावी. नाव पुसले, तर कोणाचे मन दुखावले होते, हेही विसरले जाते.