चैत्रातला चुना आणि घरी आलेले आजी-आजोबा

पाडवा झाला, मुलांच्या परीक्षा संपत आल्या, की गावाहून आजी-आजोबा शहरात येतात. घराच्या डागडुजीचे हेच दिवस. पावसाच्या आत गच्चीवरच्या भेगा बुजवायच्या, पन्हळीत अडकलेला पाला काढायचा.

यातलं एक काम आजोबांकडून जरूर शिकून घ्या: गच्चीला चुना लावणं. पांढरी गच्ची ऊन परतवते, खालची खोली कमी तापते. कळीचा चुना लोखंडी पिंपातल्या पाण्यात थोडा थोडा सोडावा. चुन्यावर एकदम पाणी ओतू नये. विरताना तो खदखदतो, अंगावर उडतो. डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून चष्मा हवाच आणि मुलं लांब हवीत. रात्रभर मुरल्यावर जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून घ्या. त्यात डिंकाचं पाणी घालतात, म्हणजे हाताला पांढरं लागत नाही. पृष्ठभाग झाडून, ओलसर करून पातळ हात द्यावेत. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हा थर हळूहळू कडक होतो, म्हणून पातळ हातच टिकतात. दाट फासलेला चुना पोपडे धरतो.

आजोबांना शिडीवर मात्र चढू देऊ नका. कुंचा नातवंडांच्या हाती द्या, चुना किती पातळ हवा हे आजोबांना ठरवू द्या. काम सकाळी दहाच्या आत उरका, आणि त्यांच्यासाठी गच्चीवर सावलीत एक खुर्ची व पाण्याचा तांब्या आधी नेऊन ठेवा.