फटफटी आणि शिरस्त्राण

जुन्या फटफट्यांच्या शौकिनांत 'ब्रफ सुपीरिअर' हें नांव मोठ्या आदरानें घेतलें जातें. इंग्लंडांतील नॉटिंगहॅम येथें जॉर्ज ब्रफ यांनीं १९१९ ते १९४० या काळांत अशा सुमारें ३,००० गाड्या घडविल्या. १९२४ सालीं निघालेली 'एसएस १००' ताशीं १०० मैल धांवेल, अशी कारखान्याची हमी असे. आज ज्यांच्या पदरीं अशी गाडी आहे, ते तिचा मूळचा दिवा आणि मूळचा भोंगाही जिवापाड जपतात. परंतु या गाडीच्या इतिहासांतून जगाला लाभलेली सर्वांत मोलाची वस्तु गाडीवर नसून स्वाराच्या डोक्यावर आहे.

अरबस्तानांतील युद्धामुळें कीर्ति पावलेले टी. ई. लॉरेन्स या गाडीचे निस्सीम भक्त होते. त्यांनीं एकामागून एक अशा सात ब्रफ गाड्या वापरल्या. १३ मे १९३५ रोजीं डॉर्सेट परगण्यांत, घरापासून थोड्याच अंतरावर, दोन सायकलस्वार मुलांना चुकवितांना ते गाडीवरून फेकले गेले. डोक्याला आच्छादन नव्हतें. मेंदूला जबर इजा होऊन १९ मे रोजीं त्यांचें निधन झालें. वय अवघें ४६ वर्षांचें.

त्यांच्या शय्येशीं आलेल्या वैद्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. पुढें १९४१ सालीं त्यांनीं या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्यें २,२७९ मोटारसायकलस्वार व त्यांचे सहप्रवासी अपघातांत मरण पावले होते, असें त्यांनीं दाखविलें. शिरस्त्राण घातलेल्या जखमींचीं अवघीं सात उदाहरणें त्यांना सांपडलीं. त्या सातांपैकीं एकही दगावला नव्हता. त्याच वर्षीं ब्रिटिश लष्करानें आपल्या स्वारांना शिरस्त्राण सक्तीचें केलें. नागरिकांसाठीं मात्र तसा कायदा व्हावयास १९७३ साल उजाडलें.

शिरस्त्राणाचें कार्य साधें आहे. बाहेरचें कठीण कवच आघात एका बिंदूवर न ठेवतां सर्वत्र पसरवितें. आंतील थर चेपला जातो आणि डोकें थांबावयास क्षणाचा कांहीं अंश अधिक मिळतो. तेवढ्या अवधीवर प्राण अवलंबून असतो. पडतांना मनुष्य आधीं हात टेकतो, म्हणून चामड्याचे हातमोजे हवेत. वेगांत डोळ्यांवर आदळणारा किडाही घात करतो, म्हणून गॉगल हवा.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत शिरस्त्राणाची तरतूद आहे; तरीही पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघरीं हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले! कायद्याचा वाद घालावा. आपल्या कवटीशीं मात्र वाद घालूं नये.

शेवटीं शौकिनांना एक विनंति. जुन्या गाडीला शोभेल म्हणून जुनीच चामडी टोपी घालून रस्त्यावर जाऊं नका. जुनी गाडी घराचें भूषण आहे. पण जुनें, एकदां आघात सोसलेलें शिरस्त्राण निकामी होय. तें कपाटांत ठेवा, आणि डोक्यावर नवें चढवून त्याचा पट्टा हनुवटीखालीं नीट आवळा.