शेकाट्या आणि वीतभर पाणी

भोरहून वरंधा घाटाकडे जाणारा रस्ता हिर्डोशीच्या परिसरांतून जातो. हा जुना हिरडस मावळ. येथल्याच डोंगरांतून निघालेली नीरा पुढें देवघरच्या धरणांत अडते. एवढा विस्तीर्ण जलाशय असतां पाणपक्ष्यांना काय उणें, असें प्रवाशाला सहज वाटतें. परंतु माणूस जलाशयाची थोरवी खोलीवरून ठरवतो. चिखलांत चालून पोट भरणाऱ्या पक्ष्याला हवा असतो उथळ कांठ. डोंगराच्या उभ्या उतारावर तो फारसा सांपडत नाहीं. नीरा सपाटीवर उतरली, म्हणजे असे कांठ आढळूं लागतात.

शेकाट्या हा त्यांवर जगणारा पक्षी. अंग पांढरें, पंख काळे, चोंच सुईसारखी बारीक व सरळ, आणि पाय लांबच लांब, गुलाबी-तांबडे. शरीराच्या मानानें एवढे लांब पाय रोहित पक्ष्यावांचून क्वचितच कोणाला लाभले असतील. तरी ती लांबी वीतभरच! त्याहून खोल पाण्यांत चालून किडे, अळ्या व गोगलगाई वेंचणें त्याला साधत नाहीं.

त्याची खरी कसोटी विणीच्या दिवसांत लागते. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं, कांठावर किंवा चिखलाच्या उंचवट्यावर तो घरटें करतो. त्यांत बहुधा चार अंडीं असतात. नरमादी आळीपाळीनें सुमारें साडेतीन आठवडे तीं उबवितात. ऊन्ह कडक झालें, तर पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून अंड्यांवर येऊन बसतात. अशा वेळीं पाणी थोडें चढलें, तर घरटें बुडतें. झपाट्यानें आटलें, तर कुत्रीं कोरड्या पायांनीं तेथवर पोहोंचतात. गाळपेरीचा नांगर, मातीचा उपसा आणि गांवचें सांडपाणी हीं संकटें निराळींच.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें पक्ष्याला अभय दिलें. त्याच्या निवाऱ्याला मात्र तें पुरतेपणीं लाभलेलें नाहीं. पाणथळ जागांविषयींच्या २०१७ च्या नियमांतून नदीचें पात्र, भातखाचरें आणि खास सिंचनासाठीं बांधलेलीं जलाशयें वगळलेलीं आहेत. शेकाट्याचें वास्तव्य तर पुष्कळदां तेथेंच! तथापि हें दुर्लक्ष अटळ नव्हे. नाशिक जिल्ह्यांतील नांदूर मधमेश्वर हा जलाशयहि बंधाऱ्यामुळेंच निर्माण झाला. तरी १९८६ मध्यें तो अभयारण्य ठरला आणि पुढें रामसर यादींत जाणारें महाराष्ट्रांतील पहिलें स्थळ झाला.

प्रत्येक धरणाचें अभयारण्य होणार नाहीं, व त्याची गरजहि नाहीं. शेतकऱ्याचें पाणी शेतकऱ्यालाच मिळावें. मात्र विणीच्या कांहीं आठवड्यांपुरती कांठाची एखादी पट्टी नांगरावांचून राहिली, पाण्याची चढउतार शक्य तेथें संथ ठेवली आणि हौशी छायाचित्रकारांनीं घरट्यापासून दूर उभें राहण्याचा संयम पाळला, तर शेकाट्याचा संसार निभेल. धरणाच्या हिशेबांत वीतभर पाणी क्षुल्लक असेल. त्या चार अंड्यांचें भवितव्य तेवढ्यावरच ठरतें.