पूर सगळ्यांचा, भरपाई कोणाची?

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कार्यकारिणीचा फोन आला तेव्हा मला वाटलं, प्रोजेक्टर लावायला बोलावताहेत. कॉम्प्युटर इंजिनिअर म्हटला की मंडळात त्याला दोनच कामं, प्रोजेक्टर आणि वेबसाइट. पण या वेळी चक्क बोलायला सांगितलं, आणि विषय दिला 'आपत्ती आणि आपण'. दूध आटेपर्यंत संपवतो, घाबरू नका.

आमच्या धंद्यात 'डिझास्टर रिकव्हरी' नावाचा प्रकार असतो. सर्व्हर बंद पडला तर बॅकअपवरून काम पुन्हा कसं उभं करायचं, याची योजना. त्यातला पहिला नियम साधा आहे. जे आधी साठवलंच नाही, ते नंतर परत आणता येत नाही. हा नियम माणसांनाही लागू पडतो, हे मला एका शेजाऱ्याने शिकवलं.

आम्ही ड्रेस्डेनला राहतो. खालच्या मजल्यावर मोझांबिकचे एक गृहस्थ आहेत. माझी मुलगी त्यांना 'ओपा' म्हणते, म्हणून आम्हीही ओपाच म्हणतो. ऑगस्ट २००२ मध्ये एल्बे नदी ९ मीटर ४० सेंटिमीटरपर्यंत चढली होती. त्या वेळी वाळूच्या गोण्या भरणाऱ्यांत ओपा होते. मी एकदा त्यांना म्हटलं, "तुमच्याकडेही पूर येतात ना? मग तुम्हाला सवय असेल." ते हसले आणि म्हणाले, "पाण्याची सवय होते. पगार बुडाल्याची होत नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. १९७९ मध्ये पूर्व जर्मनी आणि मोझांबिक यांच्यात करार झाला आणि पुढच्या दहा वर्षांत हजारो तरुण इथल्या कारखान्यांत कामाला आले. ३५० मार्कांच्या वर जो पगार असेल त्यातला काही भाग कापून घेत. आधी २५ टक्के, नंतर काही वर्षं तर ६० टक्के. सांगितलं जायचं की हे पैसे तुमच्या देशात जमा होताहेत, परत गेलात की मिळतील. म्हणजे आपल्या भाषेत प्रॉव्हिडंट फंडच. १९९० मध्ये जर्मनी एक झाली, कारखाने बंद पडले, बहुतेकांना परत पाठवलं. तिथे जाऊन बघतात तर पैसे नाहीत! ती रक्कम दोन सरकारांच्या कर्जाच्या हिशेबात वळती झाली होती. या लोकांना तिकडे 'माडजर्मानेस' म्हणतात. त्यांच्या सरकारने पुढे काही रक्कम दिली, पण पूर्ण हिशेब मिळाला नाही असं त्यांचं म्हणणं आहे. त्यासाठी मापुतो शहरात ते वर्षानुवर्षं दर बुधवारी मोर्चा काढत राहिले.

तुम्ही म्हणाल, याचा आपत्तीशी काय संबंध? सांगतो.

ओपा इथेच राहिले. त्यांचा कारखान्यातला एक मित्र परत गेला, बेइरा नावाच्या बंदराच्या शहरात. साठलेल्या पगारातून पक्कं घर बांधायचं त्याच्या मनात होतं. पगार मिळाला नाही, घर पत्र्याचंच राहिलं. मार्च २०१९ मध्ये इडाई चक्रीवादळ बेइरावर आलं. एकट्या मोझांबिकमध्ये ६०० वर माणसं गेली. मित्र वाचला, पण पत्रे उडाले, घर गेलं. ओपांनी इथून पैसे पाठवले, चर्चमधल्या लोकांनी कपडे पाठवले. जर्मनीनेही बेइरासाठी काही केलेलं नव्हतं असं नाही. केएफडब्ल्यू बँकेच्या पैशातून तिथली चिवेवे नदी आधीच मोकळी केली होती, म्हणजे शहरातलं पाणी समुद्राकडे जावं. चांगलंच काम. पण ओपा म्हणाले, "माझ्या मित्राला मदत नको होती. त्याचा पगार वेळेवर मिळाला असता तर मदत लागलीच नसती."

मंडळी, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण मला माझं गाव आठवलं.

मी लातूर जिल्ह्यातला. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, चार वाजायला चार-पाच मिनिटं. मी पाच वर्षांचा होतो. आजीने मला उचलून अंगणात आणलं एवढंच आठवतं. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्याखाली किल्लारी परिसरात सुमारे ८ हजार माणसं गेली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली, त्यात आमचंही होतं. नवी घरं जमिनीच्या हिशेबाने मिळाली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याच्या वर ७५०. आमची पाच एकर, म्हणून आम्हाला ४००. आमच्या शेतात कामाला येणाऱ्या मावशींना २५०. त्यांच्या घरात माणसं आमच्यापेक्षा दोन जास्त होती. लहानपणी मला यात काही चुकीचं वाटलं नाही. खरं सांगतो, ओपा भेटेपर्यंत वाटलं नव्हतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, पिकं गेली, कितीतरी शेतांतली मातीही खरडून गेली. मी काकांना फोन केला.

"काळजी नको करू, पंचनामा झालाय. हेक्टरी मिळतील काही," काका म्हणाले.

"आणि मावशींचं काय, काका?"

"तिचं काय? तिला कुठं जमीन हाय?"

काका वाईट माणूस नाहीत. त्यांच्या डोक्यावरही कर्ज आहे, हेक्टरी जे मिळतं त्यात बियाण्याचाही खर्च निघत नाही. पण पीक गेलं म्हणजे मावशींची काढणीची मजुरी गेली. ती कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. बत्तीस वर्षांनी माप तेच, जमिनीचं!

मग आपण काय करायचं? आपण निधी जमवतो, फोटो काढतो, चेक पाठवतो. त्यात गैर काही नाही. पण पुढच्या वेळी पैसे पाठवण्याआधी एक प्रश्न विचारू या: ज्याच्या नावावर काहीच नाही, त्याचं नाव यादीत आहे का? आणि यादी कोणी केली? किल्लारीनंतर घरदुरुस्तीच्या कामात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने हजाराहून अधिक गावांत बायकांना 'संवाद सहायक' म्हणून पुढे आणलं. कोणाचं घर राहिलं, कोणाला हप्ता मिळाला नाही, हे त्या दारोदार जाऊन बघत. पुढे याच बायका भूकंपानंतर गुजरातेत जाऊन तिथल्या बायकांना शिकवून आल्या. म्हणजे हे जमतं, आणि आपल्याच माणसांना जमलंय.

माझी सूचना एवढीच. आपत्तीसाठी जमवलेल्या पैशातला निम्मा वाटा भूमिहीन मजुरांसाठी ठेवावा, आणि यादी गावातल्या बचत गटाच्या बायकांकडून घ्यावी. सुरुवात मी माझ्या घरापासून केली आहे. मावशींची बुडालेली मजुरी पाठवली. काकांना ते फारसं आवडलेलं नाही. बघू.

ओपांना आज मसाला दूध प्यायला बोलावलंय, ते मागच्या रांगेत बसलेत. मी काय बोललो ते त्यांना कळलं नसणार. जाताना त्यांच्याशी दोन शब्द जर्मनमध्ये जरूर बोला.

दूध आटलं वाटतं.